परदेश प्रवासाची सुरक्षित पूर्वतयारी

परदेश प्रवासाची सुरक्षित पूर्वतयारी म्हणजे स्वतःच्या देशाबाहेर जाण्यापूर्वी गंतव्य देशातील संभाव्य धोक्यांची माहिती करून घेणे आणि त्या धोक्यांच्या प्रमाणात कागदपत्रे, आरोग्य, विमा, पैसा, सामान व संपर्क यांची व्यवस्था लावणे होय. पर्यटन, शिक्षण, नोकरी, तीर्थयात्रा आणि नातलगांची भेट या सर्व प्रकारच्या प्रवासांना ही तयारी लागू पडते. मात्र तिचे स्वरूप देशानुसार, काळानुसार आणि प्रवाशानुसार बदलते. सिंगापूरला चार दिवसांसाठी जाणारा पर्यटक, आखातात नोकरीसाठी जाणारा गवंडी, पूर्व युरोपात वैद्यकीय शिक्षण घेणारी विद्यार्थिनी आणि कैलास-मानसरोवराचा यात्रेकरू यांच्यापुढील धोके एकसारखे नसतात. प्रस्तुत लेखात हा विषय मुख्यतः भारतीय पारपत्रधारकांच्या दृष्टीने मांडला आहे.

जोखमीचे प्रकार

प्रवासातील जोखीम साधारणपणे पुढील प्रकारांत विभागली जाते :

• राजकीय व लष्करी – युद्ध, यादवी, सत्तापालट, दहशतवाद, हवाई हद्द अचानक बंद होणे.
• गुन्हेगारी – चोरी, लुबाडणूक, अपहरण, बनावट नोकऱ्यांद्वारे होणारी मानवी तस्करी.
• आरोग्यविषयक – साथीचे रोग, दूषित पाणी, अतिउंची, उष्मा किंवा थंडी, वैद्यकीय सोयींचा अभाव.
• नैसर्गिक – भूकंप, त्सुनामी, चक्रीवादळ, ज्वालामुखी.
• कायदेशीर – स्थानिक कायद्यांचे अज्ञान, व्हिसाच्या अटींचा भंग, निषिद्ध वस्तू जवळ बाळगणे.

यांपैकी पहिल्या दोन प्रकारांची भीती प्रवाशांना अधिक वाटते. प्रत्यक्षात सुरक्षित समजल्या जाणाऱ्या देशांत आजारपण, रस्त्यावरील अपघात आणि कायदेशीर अडचणी यांच्याशीच गाठ पडण्याची शक्यता जास्त असते. म्हणून ‘देश सुरक्षित आहे का?’ या एका प्रश्नापेक्षा ‘या देशात, या ऋतूत, या कामासाठी, या वयाच्या व प्रकृतीच्या माणसाने जाणे कितपत सुरक्षित आहे?’ हा प्रश्न अधिक उपयुक्त ठरतो.

प्रवाससूचना

अनेक देश आपल्या नागरिकांसाठी देशनिहाय प्रवाससूचना प्रसिद्ध करतात. अमेरिकेचे परराष्ट्र खाते २०१८ पासून चार स्तरांची पद्धत वापरते : नेहमीची दक्षता, वाढीव दक्षता, प्रवासाचा फेरविचार आणि प्रवास करू नये. ऑस्ट्रेलिया व कॅनडा यांच्या पद्धतीही चार स्तरांच्याच आहेत. ब्रिटन स्तरांना क्रमांक न देता ‘अत्यावश्यक असेल तरच जावे’ आणि ‘अजिबात जाऊ नये’ अशा शब्दांत सल्ला देते. एकाच देशातील वेगवेगळ्या प्रांतांना वेगवेगळे स्तर दिले जातात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. राजधानीत नेहमीची दक्षता पुरेशी असताना सीमावर्ती प्रदेश पूर्णपणे वर्ज्य असू शकतो.

भारताचे परराष्ट्र मंत्रालय जगातील सर्व देशांची अशी कायमस्वरूपी क्रमवारी लावत नाही. परिस्थिती बिघडू लागली की मंत्रालय किंवा संबंधित देशातील भारतीय दूतावास सूचना काढतो. त्यामुळे भारतीय प्रवाशाने दूतावासाचे संकेतस्थळ व समाजमाध्यमांवरील अधिकृत खाते प्रवासापूर्वी आणि प्रवासकाळातही पाहणे आवश्यक ठरते. इतर देशांच्या सूचना पूरक माहिती म्हणून उपयोगी पडतात. परंतु त्या त्यांच्या नागरिकांना उद्देशून असतात. काही धोके विशिष्ट राष्ट्रीयत्वाच्या लोकांनाच असतात, तर काही सूचनांमागे राजनैतिक संबंधही असतात.

सूचनांची भाषा वाचण्याची सवय असावी लागते. ‘सतर्क राहावे’, ‘अनावश्यक प्रवास टाळावा’, ‘उपलब्ध साधनांनी देश सोडावा’ आणि ‘तातडीने देश सोडावा’ या चढत्या पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीपर्यंत नेहमीची व्यापारी विमाने बहुधा सुरू असतात. चौथ्या पायरीला ती असतीलच असे नाही.

युक्रेनचे उदाहरण

२०२२ च्या प्रारंभी युक्रेनमध्ये सुमारे २०,००० भारतीय होते. त्यांत वैद्यकीय विद्यार्थ्यांचे प्रमाण मोठे होते. कीव्ह येथील भारतीय दूतावासाने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी, ज्यांचे वास्तव्य अत्यावश्यक नाही अशा नागरिकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरता देश सोडण्याचा विचार करावा अशी सूचना काढली. मात्र अनेक विद्यापीठांचे वर्ग प्रत्यक्ष भरत होते, गैरहजेरीमुळे वर्ष वाया जाण्याची भीती होती आणि विमानभाडी वाढली होती. त्यामुळे पुष्कळ विद्यार्थी थांबून राहिले. २४ फेब्रुवारीला रशियाचे आक्रमण सुरू झाले आणि युक्रेनची हवाई हद्द त्याच दिवशी बंद झाली.

त्यानंतर विद्यार्थ्यांना तळघरांतून व मेट्रो स्थानकांतून आसरा घ्यावा लागला आणि कडाक्याच्या थंडीत रेल्वेने, बसने व काही ठिकाणी पायी पोलंड, रुमानिया, हंगेरी, स्लोव्हाकिया आणि मोल्दोव्हा यांच्या सीमा गाठाव्या लागल्या. १ मार्च रोजी खारकीव्हमध्ये गोळामारीत एका भारतीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. ‘ऑपरेशन गंगा’ या मोहिमेसह एकूण सुमारे २२,५०० भारतीय मायदेशी परतले. सूचना निघणे आणि मार्ग बंद होणे यांत केवळ नऊ दिवसांचे अंतर होते. परत येण्यापुरती रक्कम हाताशी असणे आणि ‘कोणती घटना घडली की आपण निघायचे’ हे आधीच ठरविलेले असणे किती मोलाचे असते, हे या घटनेने दाखवून दिले.

कागदपत्रे

पारपत्र

भारतीय पारपत्र म्हणजेच पासपोर्ट हा पारपत्र अधिनियम, १९६७ अन्वये परराष्ट्र मंत्रालय देते. प्रौढांच्या सर्वसाधारण पारपत्राची मुदत १० वर्षांची, तर अज्ञान मुलांच्या पारपत्राची ५ वर्षांची किंवा वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंतची, यांपैकी जी आधी संपेल तेवढी असते. पुष्कळ देश प्रवेशाच्या दिवसापासून पारपत्राची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात. युरोपातील शेंगेन देशांसाठी परतीच्या नियोजित तारखेनंतर तीन महिने मुदत आणि गेल्या १० वर्षांत दिलेले पारपत्र आवश्यक असते. शिवाय शिक्क्यांसाठी किमान दोन कोरी पाने असणे श्रेयस्कर होय. तिकिटावरील, व्हिसावरील व पारपत्रावरील नावाचे स्पेलिंग अक्षरशः एक असावे. वडिलांचे किंवा पतीचे नाव मधे लिहिण्याच्या महाराष्ट्रातील प्रथेमुळे, तसेच विवाहानंतरच्या नावबदलामुळे, या बाबतीत गोंधळ होण्याचा संभव असतो.

नेपाळ व भूतान या देशांत जाण्यासाठी भारतीय नागरिकांना पारपत्र अनिवार्य नाही. निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्रही चालते. प्रौढांसाठी केवळ आधार कार्ड मात्र पुरेसे मानले जात नाही. ६५ वर्षांवरील आणि १५ वर्षांखालील व्यक्तींना वय व ओळख पटविणारे अन्य छायाचित्रयुक्त कागदपत्र वापरता येते.

व्हिसा

व्हिसा म्हणजे दुसऱ्या देशात प्रवेशासाठी मिळणारी परवानगी. ती प्रवेशाची हमी नसते. अंतिम निर्णय सीमेवरील अधिकारी घेतो. म्हणून परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण आणि खर्चाची तरतूद दाखविणारी कागदपत्रे हाताशी ठेवावी लागतात. व्हिसावर नमूद केलेले प्रयोजन काटेकोरपणे पाळावे लागते. पर्यटक व्हिसावर नोकरी करणे जवळपास सर्वत्र गुन्हा आहे. शेंगेन क्षेत्रात अल्पकालीन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. मध्ये विमान बदलावयाचे असल्यास त्या देशाचा संक्रमण व्हिसा लागतो का, हेही तपासणे आवश्यक असते.

प्रती व नोंदी

पारपत्राचे पहिले व शेवटचे पान, व्हिसा, विमापत्र आणि तिकीट यांच्या प्रती मूळ कागदपत्रांपासून वेगळ्या ठेवाव्यात. एक संच घरी विश्वासू व्यक्तीकडे आणि एक संच स्वतःच्या ई-मेलवर असावा. पारपत्र हरवल्यास स्थानिक पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत भारतीय दूतावासाला द्यावी लागते. दूतावास नवे पारपत्र किंवा केवळ भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र देतो. मूळ पारपत्राची प्रत जवळ असल्यास हे काम पुष्कळ लवकर होते.

आरोग्य

लसीकरण

लसींचा परिणाम दिसण्यास वेळ लागतो आणि काहींच्या एकापेक्षा अधिक मात्रा असतात. म्हणून प्रवासापूर्वी ४ ते ६ आठवडे वैद्यकीय सल्ला घेणे इष्ट असते. गंतव्यानुसार विषमज्वर, कावीळ अ व ब, धनुर्वात, इन्फ्लुएंझा, अलर्क इत्यादींच्या लसींचा विचार केला जातो.

पीतज्वराच्या बाबतीत नियम विशेष कडक आहेत. हा विषाणुजन्य रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिका खंडांतील काही देशांत आढळतो आणि एडिस जातीच्या डासांमार्फत पसरतो. भारतात हा डास सर्वत्र आहे, परंतु हा रोग नाही. विषाणू एकदा आला तर तो पसरण्यास अनुकूल स्थिती येथे तयारच आहे. म्हणूनच या रोगाने बाधित देशांतून येणाऱ्या प्रवाशाजवळ वैध लसीकरण प्रमाणपत्र नसेल, तर भारतात त्याला कमाल सहा दिवस विलगीकरणात ठेवले जाते. गंतव्य देश प्रमाणपत्र मागो वा न मागो, परतताना भारत ते मागतो. आफ्रिकेतील सफारीला जाणाऱ्या पर्यटकांनी हे ध्यानात ठेवणे जरूर आहे. लस शासनमान्य केंद्रांतच मिळते. प्रमाणपत्र लसीकरणानंतर १० दिवसांनी वैध होते आणि जुलै २०१६ पासून ते आजन्म ग्राह्य धरले जाते. ही जिवंत विषाणूंची लस असल्यामुळे गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण आणि साठ वर्षांवरील व्यक्ती यांनी ती घेण्यापूर्वी डॉक्टरांशी चर्चा करणे आवश्यक ठरते.

हज यात्रेकरूंना सौदी अरेबियाच्या नियमानुसार मेंदूज्वराची चतुर्गुणी लस आगमनाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

हिवताप

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत फाल्सिपेरम जातीच्या परजीवींमुळे होणारा गंभीर हिवताप मोठ्या प्रमाणावर आढळतो. त्यावर प्रवासापूर्वी सुरू करून परतल्यानंतरही काही काळ घ्यावयाची प्रतिबंधक औषधे उपलब्ध आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत आणि परतल्यावर मध्येच सोडू नयेत. मच्छरदाणी, अंग झाकणारे कपडे व डासप्रतिबंधक मलम यांची जोड त्यांना द्यावी लागते. भारतात लहानपणी हिवताप होऊन गेला म्हणून आता तो होणार नाही, ही समजूत चुकीची आहे.

अतिउंची

समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० मीटरपेक्षा अधिक उंचीवर विरळ हवेमुळे डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे व निद्रानाश ही लक्षणे दिसू शकतात. दुर्लक्ष केल्यास फुफ्फुसांत किंवा मेंदूत सूज येऊन मृत्यू ओढवू शकतो. ल्हासा सुमारे ३,६५० मीटर उंचीवर, तर मानसरोवर सुमारे ४,५९० मीटर उंचीवर आहे. कैलास परिक्रमेतील डोल्मा खिंडीची उंची ५,६०० मीटरहून अधिक आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. त्यामुळे सह्याद्रीतील गडकिल्ल्यांवरील चढाईने दम वाढतो, पाय तयार होतात. परंतु विरळ हवेची सवय त्यातून होत नाही. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि मधूनमधून विश्रांतीचा दिवस घ्यावा, असा वैद्यकीय संकेत आहे. लक्षणे वाढत असल्यास ताबडतोब खाली उतरणे हाच खात्रीचा उपाय होय. परराष्ट्र मंत्रालयातर्फे होणाऱ्या कैलास-मानसरोवर यात्रेसाठी १८ ते ७० ही वयोमर्यादा आणि वैद्यकीय तपासणी यांची अट याच कारणाने आहे.

औषधे

नियमित घ्यावयाची औषधे संपूर्ण प्रवासाला पुरून काही दिवस उरतील एवढी, मूळ वेष्टनात आणि हातातील पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन विमानाच्या मालकक्षात गोठून निकामी होण्याचा संभव असल्याने ते जवळच ठेवतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीत औषधाचे व्यापारी नाव न लिहिता मूळ घटकाचे नाव लिहून घ्यावे, कारण भारतीय व्यापारी नावे परदेशातील औषधविक्रेत्यांना ठाऊक नसतात. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन आणि वेदनाशामक ट्रामाडॉल यांवर संयुक्त अरब अमिरातीसह अनेक देशांत कडक निर्बंध आहेत. अशा औषधांसाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते.

प्रवासविमा

परदेशात रुग्णालयाचा खर्च भारताच्या तुलनेत अनेक पटींनी जास्त असू शकतो. तो भागविणे हे प्रवासविम्याचे मुख्य प्रयोजन होय. सामान हरवणे किंवा विमान चुकणे यांची भरपाई दुय्यम आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा सक्तीचा आहे. इतर अनेक देशांत सक्ती नसली तरी गरज तेवढीच असते.

विमापत्र घेताना पुढील बाबी वाचून पाहणे आवश्यक असते :

• मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांसारखे आधीपासूनचे आजार समाविष्ट आहेत का? आजार लपविल्यास दावा नाकारला जाऊ शकतो.
• प्रत्येक दाव्यात प्रवाशाने स्वतः सोसावयाची रक्कम किती आहे?
• रुग्णाला किंवा मृतदेहाला मायदेशी आणण्याचा खर्च समाविष्ट आहे का?
• गिर्यारोहण, पाणबुडी, बर्फावरील खेळ वगळले आहेत का?
• युद्ध, दंगल किंवा सरकारने ‘जाऊ नये’ असे सांगितलेल्या प्रदेशातील हानी वगळली आहे का?

शेवटची अट विशेष महत्त्वाची आहे. जेथे धोका सर्वांत अधिक असतो, नेमके तेथेच सर्वसाधारण विमापत्र निरुपयोगी ठरण्याची शक्यता असते. आईवडील मुलांकडे परदेशी काही महिने राहायला जातात तेव्हा वय व जुने आजार यांमुळे हप्ता वाढतो. तरीही त्या वयातच विम्याची गरज सर्वाधिक असते.

पैसा व संपर्क

पैसा एकाच स्वरूपात किंवा एकाच ठिकाणी ठेवू नये, हा जुना संकेत आजही लागू आहे. थोडे स्थानिक चलन, परकीय चलनाचे प्रीपेड कार्ड आणि एक राखीव कार्ड अशी विभागणी सोयीची ठरते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील निर्देशांनुसार भारतीय बँकांची नवी कार्डे सुरुवातीला केवळ देशांतर्गत वापरासाठी खुली असतात. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. बँकेचा एकवेळ संकेतांक भारतीय मोबाइल क्रमांकावर येत असल्याने तो क्रमांक परदेशात चालू राहील याची सोय करावी लागते. कार्डाने पैसे देताना रक्कम रुपयांत हवी की स्थानिक चलनात, असे यंत्र विचारते. स्थानिक चलन निवडणे सहसा स्वस्त पडते.

उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता किंवा पाठविता येते. बहुतेक देशांसाठी रोख परकीय नोटांची मर्यादा प्रत्येक प्रवासाला ३,००० डॉलर आहे. परतताना ५,००० डॉलरपेक्षा अधिक मूल्याच्या परकीय नोटा, किंवा सर्व स्वरूपांतील मिळून १०,००० डॉलरपेक्षा अधिक परकीय चलन जवळ असल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्यांपुढे ते घोषित करावे लागते.

सामान व निषिद्ध वस्तू

पॉवर बँक व सुट्या लिथियम बॅटऱ्या मालकक्षातील सामानात ठेवण्यास मनाई आहे. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या हातातील पिशवीत नेता येतात. महाराष्ट्रीय प्रवाशांच्या सामानातील दोन नित्याचे पदार्थ मात्र अनपेक्षितपणे अडचणीचे ठरतात. पहिला सुके खोबरे. तेलाच्या प्रमाणामुळे त्याची गणना स्वतःहून तापून पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत होते. त्यामुळे सुरक्षा तपासणीत ते काढून टाकले जाते. दुसरा खसखस. अफूच्या बोंडांतून मिळणारी असल्याने ती संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया व सिंगापूर येथे अमली पदार्थविषयक कायद्याखाली निषिद्ध आहे. दिवाळीचा फराळ किंवा घरगुती मसाला पाठविताना अनारशांवरील खसखसही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांत शेती व वन्यजीव यांच्या रक्षणासाठी अन्नपदार्थ, बिया, लाकूड, दुग्धजन्य पदार्थ यांबाबत कडक नियम आहेत. तेथे आगमनपत्रकावर पदार्थाची नोंद केल्यास फार तर तो काढून घेतला जातो. नोंद न केल्यास मोठा दंड होतो. इ-सिगारेट सिंगापूर व थायलंडमध्ये बेकायदा आहे.

दुसऱ्याने दिलेली बंद पिशवी किंवा पुडके, देणारा ओळखीचा वा नात्यातला असला तरी, आतील वस्तू स्वतः पाहिल्याखेरीज नेऊ नये. पिशवीत जे सापडेल त्याची जबाबदारी प्रथम ती बाळगणाऱ्यावर येते. आग्नेय आशियातील व आखातातील काही देशांत अमली पदार्थांच्या वाहतुकीस देहान्त शिक्षेचीही तरतूद आहे.

स्थानिक कायदे व रीतिरिवाज

परदेशातील भारतीय नागरिकाला त्या देशाचाच कायदा लागू होतो. मद्यपान, सार्वजनिक वर्तन, पोशाख, धार्मिक प्रचार, समाजमाध्यमांवरील लिखाण, लष्करी स्थळांचे छायाचित्रण व ड्रोन उडविणे यांबाबतचे नियम देशागणिक वेगळे असतात. वाहन चालविण्यासाठी आंतरराष्ट्रीय अनुज्ञापत्र प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळते. त्याची मुदत एक वर्षाची असते व ते मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरले जाते. ज्या देशांत वाहने उजव्या बाजूने चालतात, तेथे भारतीय पादचाऱ्यालाही रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते.

नोकरीसाठी जाणारे

उत्प्रवासन अधिनियम, १९८३ अन्वये दहावी उत्तीर्ण नसलेल्या व इतर सवलतींत न बसणाऱ्या व्यक्तींच्या पारपत्रावर उत्प्रवासन तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते. अशा व्यक्तींना सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहरैन, मलेशिया यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी उत्प्रवासी संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. तिच्याशी निगडित प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांसाठी १० लाख रुपयांचे संरक्षण आहे. पर्यटक व्हिसावर पाठवून तेथे व्हिसा बदलून देण्याचे आश्वासन देणारा दलाल कामगाराला या सर्व संरक्षणातून बाहेर काढतो.

नोकरी देणाऱ्या दलालाची नोंदणी ‘ई-मायग्रेट’ या शासकीय संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत दलालाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढेच सेवाशुल्क घेता येते. खलाशांच्या बाबतीत भरती करणाऱ्या संस्थेजवळ नौवहन महासंचालनालयाचा परवाना असावा लागतो.

२०२२ पासून थायलंड, म्यानमार, कंबोडिया व लाओस येथील बनावट नोकऱ्यांबाबत परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार इशारे दिले आहेत. संगणकाचे ज्ञान असलेल्या तरुणांना चांगल्या पगाराचे आमिष दाखवून तेथे नेले जाते, पारपत्र काढून घेतले जाते आणि कुंपणबंद वसाहतींत डांबून ऑनलाइन फसवणुकीची कामे सक्तीने करवून घेतली जातात. मुलाखत केवळ संदेशांद्वारे होणे, कंपनीचा पत्ता संदिग्ध असणे, कौशल्याच्या मानाने पगार अवास्तव असणे आणि सीमा रस्त्याने ओलांडण्यास सांगितले जाणे ही यातील धोक्याची चिन्हे होत.

जोखमीच्या स्तरानुसार तयारी

• अल्प जोखीम – वैध कागदपत्रे, प्रती, विमा, नियमित औषधे, घरी दिलेला प्रवासाचा तपशील.
• मध्यम जोखीम – वरील सर्व. शिवाय वर्ज्य भागांची माहिती, दिवसाउजेडी विमानतळावरून शहरात पोहोचेल असे वेळापत्रक, विश्वसनीय वाहन, दूतावासाचा पत्ता व आपत्कालीन क्रमांक कागदावर लिहिलेला.
• उच्च जोखीम – वरील सर्व. शिवाय दूतावासात नोंदणी, घरच्यांशी ठरलेल्या वेळी रोजचा संपर्क, तारीख बदलता येणारे तिकीट, देश सोडण्याचे दोन पर्यायी मार्ग, काही दिवसांचे पाणी, कोरडे अन्न व औषधे, रोख रक्कम.
• अत्युच्च जोखीम – प्रवास रद्द करणे हीच सुयोग्य तयारी. पत्रकारिता, मदतकार्य यांसारख्या अपरिहार्य कारणांसाठी जाणाऱ्यांना संस्थेचे पाठबळ, विशेष विमा व प्रशिक्षण लागते.

दूतावासाची मदत व तिच्या मर्यादा

१९६३ च्या वाणिज्यदूतीय संबंधविषयक व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमानुसार परदेशात अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या दूतावासाला कळविण्याची मागणी करता येते. भारतीय दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देणे, कैद्याची भेट घेणे, स्थानिक वकिलांची यादी देणे, कुटुंबाला कळविणे आणि मृतदेह मायदेशी पाठविण्यासाठी ना-हरकत पत्र देणे ही कामे करतो. २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूंना आर्थिक साहाय्य मिळू शकते. २०१५ पासून ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या नोंदणीची सोयही तेथे आहे.

दूतावास कोणाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही, दंड भरत नाही आणि न्यायालयीन कामकाजात हस्तक्षेप करत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नसल्याने परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व ओसीआय कार्ड असलेल्या व्यक्तींना भारतीय नागरिक म्हणून संरक्षण मागता येत नाही.

मोठ्या संकटांत भारताने नागरिकांना सोडवून आणल्याची अनेक उदाहरणे आहेत. १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यानंतर सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे मुंबईस आणले गेले. २०१५ मध्ये येमेनमधून ‘ऑपरेशन राहत’, तर २०२३ मध्ये सुदानमधून ‘ऑपरेशन कावेरी’ राबविण्यात आले. अशा मोहिमा प्रवाशाला सीमेपर्यंत किंवा बंदरापर्यंत पोहोचता येईल हे गृहीत धरूनच आखल्या जातात. शिवाय नोंदणी नसलेली व्यक्ती कोठे आहे हे दूतावासाला कळणे कठीण असते. म्हणून अशा मोहिमेवर विसंबून पूर्वतयारी टाळणे धोक्याचे ठरते.

परतल्यानंतर

आफ्रिका किंवा इतर हिवतापग्रस्त प्रदेशातून परतल्यावर पहिल्या तीन महिन्यांत ताप आल्यास तो साधा समजू नये. डॉक्टरांना प्रवासाचा देश व तारखा आवर्जून सांगाव्यात आणि रक्ततपासणी करून घ्यावी. कुत्रा, माकड किंवा वटवाघूळ यांनी चावा घेतला असल्यास परदेशात सुरू केलेला अलर्कलसीचा क्रम भारतात पूर्ण करावा लागतो. कार्डांचा परदेशी वापर बंद करणे, बँकेचे व्यवहार तपासणे आणि विम्याचे दावे मुदतीत मूळ पावत्यांसह दाखल करणे ही उरलेली कामे होत. व्हिसा, शुल्क, चलनमर्यादा व लसीकरण यांचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने प्रत्येक नव्या प्रवासापूर्वी ते अधिकृत स्रोतांवरून पुन्हा पाहावे लागतात.

हेही पाहा

• पारपत्र
• व्हिसा
• शेंगेन क्षेत्र
• पीतज्वर
• ऑपरेशन गंगा
• कैलास-मानसरोवर यात्रा
• परराष्ट्र मंत्रालय (भारत)